बुदैयातली नऊ मतं

हिद्द, बहरीन
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय इरम बेटा,
अस्सलामु अलैकुम.

तू म्हणतेस, मामू, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका. दोन ओळींत माझं पोट भरत नाही. साखरतरच्या मराठी शाळेत अक्षरासाठी मी छड्या खाल्ल्या आहेत, त्या वाया घालवणार नाही. म्हणून नेहमीसारखं हाताने लिहितोय. उद्या आमच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डातल्या स्कॅनरवर चढवतो आणि मेल करतो.

काल तुझ्या आईचा फोन होता. मसूदाने टीव्हीवर ऐकलं की जपानची संसद बरखास्त होणार, आणि तिने धरून घेतलं की तुझी नोकरी बरखास्त झाली. अर्धा तास समजावलं. पण खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही. तू एका बाईंच्या ऑफिसात काम करतेस. बाई खासदार नाहीत. तरी त्यांचं ऑफिस आहे, आणि त्या ऑफिसात आपली रत्नागिरीची पोरगी आहे. लोक विचारतात तेव्हा मी ‘जपानमध्ये मोठ्या पोस्टवर आहे’ एवढं सांगून विषय बदलतो. तेव्हा एकदा सविस्तर लिही, तू नेमकं काय करतेस.

दुसरी गोष्ट ऐकून उडी मारशील. एका जहाजाच्या इंजिनाचं मोठं काम आमच्या यार्डात आलंय, आणि त्यासाठी मार्चपासून जपानी इंजिनीअर आलेत. त्यांच्या सामानाच्या खोक्यांवर गावाचं नाव छापलंय. स्टोअर माझ्याकडे, म्हणून प्रत्येक खोकं माझ्या नजरेखालून जातं. नाव वाचलं आणि तुझा पत्ता आठवला. त्सुगाहामा! चार जोडपी आणि एक फोरमन, अशी नऊ मोठी माणसं. बुदैयाला एका व्हिला कंपाउंडमध्ये राहतात. सगळे तुझ्याच बंदराचे. ही माणसं तुझ्या बाईंच्या काही कामाची आहेत का?

तुझा मामू,
ताहिर


त्सुगाहामा
५ ऑक्टोबर

प्रिय मामू,
वालेकुम अस्सलाम.

छड्या खाल्लेलं अक्षर पोचलं. आईला सांगा, माझी नोकरी शाबूत आहे. संसद बरखास्त होते ती निवडणुकीसाठी. मतदान सत्तावीस तारखेला.

तोमिनागाबाई आमच्या बंदराच्या इस्पितळात वीस वर्षं नर्स होत्या. आता निवडणूक लढवतात. त्यांच्या ऑफिसात मी कागदोपत्री सेक्रेटरी आहे, प्रत्यक्षात चहा करण्यापासून पोस्टर डकवण्यापर्यंत सगळं. पण माझं आवडतं काम वेगळंच आहे. या मतदारसंघात कुठल्या गावाने कधी कुणाला किती मतं दिली, ते मी वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांतून जमवते. सहा वर्षं तेच चाललंय. विचारलंतच, तर ऐका.

१९९६ पर्यंत इथे एका मोठ्या मतदारसंघातून चार-पाच खासदार जात. त्या वर्षी तो तोडून लहान लहान केले आणि प्रत्येकातून एकच. आमच्या वाट्याला आला जिल्ह्याचा तिसरा मतदारसंघ. एक बंदर, भातशेतीची दोन खोरी आणि डोंगरातली अकरा गावं. तेव्हापासून इथे सेगावा घराणं. शहाण्णवला आजोबा, दोन हजारला आजोबा, दोन हजार तीनला आजोबा, दोन हजार पाचला मुलगा. डोंगरातल्या एका गावात आजोबांपेक्षा मुलाला चार मतं कमी पडली. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, मधल्या दोन वर्षांत तिथले चार म्हातारे वारले. त्यांना नावंही आठवत होती.

२००९ ला मात्र देशभर सरकारच उलटलं. इथेही ओकाबे नावाचे एक शिक्षक निवडून आले. लोक रस्त्यावर नाचले म्हणे, आणि इथले लोक सहसा नाचत नाहीत. दीड वर्षात सगळं संपलं. त्यांच्या सेक्रेटरीने मतदानाआधी तीस घरांत वाळवलेल्या फळांच्या पेट्या दिल्या होत्या. सेक्रेटरीला शिक्षा झाली आणि ओकाबेंची खुर्ची गेली. त्यांना पेट्यांचं माहीतही नव्हतं, असं लोक अजून म्हणतात. पोटनिवडणुकीत सेगावांचा मुलगा परत आला. बारा आणि चौदालाही तोच. सतराला नातू, आणि समोर पहिल्यांदा आमच्या बाई. एकोणीस हजारांनी पडल्या. एकवीसला पुन्हा पडल्या, पण चारशे अठरा मतांनी.

चारशे अठरा, मामू. ती निवडणूक मी रोज मनात मोजते.

इथे पक्षाचा उमेदवार थोडक्यात पडला तर पक्षाच्या यादीतून त्याला संसदेत जाता येतं. बाई अपक्ष आहेत. त्यांना ते दुसरं दार नाही. आणि या वेळी त्यांनी सांगून टाकलंय की ही शेवटची. सेगावांना बंदराचं इस्पितळ बंद करून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात घालायचंय. ते वाचवायला बाई उभ्या आहेत. पडल्या तर इस्पितळही गेलं आणि आमचं ऑफिसही.

आता तुमची नऊ माणसं. परदेशात राहणाऱ्या जपानी माणसाला तिथल्या दूतावासात मत देता येतं आणि ते त्याच्या गावच्या मतदारसंघात मोजलं जातं. त्यासाठी एक वेगळं कार्ड काढावं लागतं. तुमच्याकडे ते मतदान १६ ते २० ऑक्टोबर, संध्याकाळी पाचपर्यंत. कामाच्या धबडग्यात लोक विसरतात. त्यांना तारखांची आठवण कराल का?

तुमची,
इरम


हिद्द
१० ऑक्टोबर

प्रिय इरम,

तुझा इतिहास दोनदा वाचला. आजोबा, मुलगा, नातू! आपल्याकडचा पेपर वाचतोय असं वाटलं. फक्त ती फळांची गोष्ट काही पटली नाही. फळं दिली म्हणून कुणाची खुर्ची जाते का? पेटीत फळांच्या खाली दुसरं काही तरी असणार. नाहीतर किडकी निघाली असतील. तू पेपरात वाचलंस, पण पेपरवाले कधी सगळं छापतात?

तुझं काम केलं. मोठे इंजिनीअर होशिनोसाहेब, त्यांच्याशी स्टोअरच्या काउंटरवर ओळख आहेच. परवा काम सुटल्यावर बुदैयाला गेलो. फाटकावरचा केरळी वॉचमन मला आत सोडेना. ‘अंकल, नाम लिस्ट में नहीं है.’ शेवटी होशिनोबाई स्वतः खाली आल्या. पन्नाशीच्या आहेत, इंग्रजी बोलतात, हळू आणि मोजकं. मी म्हटलं, माझी भाची तोमिनागाबाईंच्या ऑफिसात आहे. बेटा, तुला सांगतो, त्या बाईंचा चेहरा असा खुलला! त्यांची आई तुमच्या त्या इस्पितळात आहे. तोमिनागाबाईंनीच तिला उठवून चालवलं, म्हणाल्या. नऊही जणांकडे कार्ड आहे. तारखा मी कागदावर लिहून दिल्या.

त्यांनी मला दोन्ही हातांनी चहा दिला आणि मी तिथे रिकाम्या हाताने बसलो होतो. लाज वाटली. कुणाच्या दारी काम घेऊन जायचं आणि हात हलवत जायचं, हे आपल्या घरात कधी झालं नाही. असो. आता हे नऊ जण माझ्यावर सोड.

मामू


त्सुगाहामा
१४ ऑक्टोबर

मामू,

घाईत लिहितेय. उद्यापासून प्रचार सुरू. पांढरे हातमोजे आले, भोंग्याची गाडी आली. गल्लोगल्ली फळ्यांवर पोस्टरं लावायची आहेत, आणि आमचे स्वयंसेवक सरासरी सत्तर वर्षांचे. मी सकाळपासून शिडीवर आहे.

तुमचं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. होशिनो आजींचं नाव ऐकून त्यांचे डोळे भरले. त्या उठल्या आणि बहरीनच्या दिशेने म्हणून दोनदा वाकल्या. दिशा चुकली होती, पण मी काही बोलले नाही.

तुम्ही आहात म्हणून तिकडची काळजी नाही.

इरम


हिद्द
१६ ऑक्टोबर

प्रिय इरम,

बाई माझ्यासाठी वाकल्या, हे वाचून मी यार्डात तिघांना सांगितलं. मग म्हटलं, ताहिर, आता नुसत्या कागदावर तारखा लिहून भागायचं नाही.

काल काम सुटल्यावर मुहर्रकला गेलो. जुन्या बाजारात एक हलवेवाला आहे, त्याच्याकडे अजून तांब्याच्या कढईत घोटतात. केशराचा हलवा, गुलाबपाणी घातलेला, वर पिस्ते आणि बदाम. तो म्हणाला, किती? मी म्हटलं, नऊ. चार जोडपी आणि एक फोरमन म्हणजे खरं तर पाच घरं, पाच पेट्यांत काम झालं असतं. पण मी विचार केला, मत माणशी एक, तर पेटीही माणशी एक. कुणाला वाईट वाटायला नको.

तिथून थेट बुदैया. होशिनोबाईंनी सगळ्यांना त्यांच्या हॉलमध्ये बोलावलं. मी प्रत्येकाच्या हातात पेटी दिली आणि म्हटलं, ही तोमिनागाबाईंकडून, माझ्या भाचीच्या हातून. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि वाकले. पेट्या तशाच टेबलावर ठेवल्या. तू मागे लिहिलं होतंस ना, की जपानी माणसं आनंद तोंडावर दाखवत नाहीत? अगदी तसंच.

परवा शुक्रवारी सुट्टी आहे. मित्राची सात सीटची गाडी सांगून ठेवलीय. माझी आणि ती, दोन्ही घेऊन सकाळी दहाला त्यांच्या फाटकावर जातो, नऊच्या नऊ दूतावासात उतरवतो, मत देऊन झालं की परत पोचवतो. यल्ला, चला, तुझी चारशे अठरा कमी करायला सुरुवात केली!

मामू


त्सुगाहामा
१७ ऑक्टोबर

मामू,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाचा आणि सांगितलंय तेवढंच करा.

पेटीत फळांखाली काहीच नव्हतं. नुसती फळं होती. इथे उमेदवाराच्या नावाने मतदाराला एक संत्रं दिलं तरी गुन्हा होतो. ऑफिसात येणाऱ्याला आम्ही चहा आणि साधं बिस्किट देतो, त्यापलीकडे जेवणही देत नाही. तुम्ही मतदान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, बाईंचं नाव घेऊन, मतामागे एक पेटी मोजून दिलीत. आणि मी बाईंची सेक्रेटरी आहे. हे मी तुमच्याकडून करवून घेतलं असं ठरलं तर मला शिक्षा होईल, आणि बाई जिंकल्या तरी त्यांची निवड रद्द होईल. ओकाबेंचं झालं तेच. तो इतिहास मी स्वतःच्या हाताने लिहून तुम्हाला पाठवला होता, मामू!

चूक माझी आहे. तुम्ही लिहिलंत ‘माझ्यावर सोड’, तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण मी तुम्हाला ओळखते. मी शिडीवर होते. वाचलं आणि पुढे गेले.

उद्या गाडी नेऊ नका. गाडीतून नेणंही त्यातच धरतील. होशिनोबाईंना भेटा आणि स्पष्ट सांगा की पेट्या बाईंनी पाठवल्या नाहीत, इरमने सांगितलं नाही, मी माझ्या मनाने आणल्या. पेट्या परत घ्या. त्यांनी मत द्यायचं की नाही आणि कुणाला, याबद्दल एक शब्द बोलू नका. मग मला लिहा, कोण काय बोललं, जसंच्या तसं.

बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर आलं की पुढचं ठरवते.

इरम


हिद्द
१८ ऑक्टोबर

प्रिय इरम,

घाबरू नकोस. सगळं मिटलं.

पेट्या परत मिळाल्या. नऊच्या नऊ, सील न उघडलेल्या. होशिनोबाईंना सांगितलं. ते सगळे आपापल्या गाडीने जाऊन मत देऊन आले. खलास. आता कुणी काही विचारणार नाही.

माझं सोळा तारखेचं पत्र तेवढं काढून टाक. कॉम्प्युटरवरूनही. मी इथला स्कॅन काढून टाकलाय. आपण दोघं गप्प राहिलो तर ही गोष्ट झालीच नाही. मसूदाला काही कळवू नकोस.

मामू


त्सुगाहामा
२१ ऑक्टोबर

प्रिय मामू,

तुमचं पत्र वाचून दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवले. एकोणीसला मी होशिनोबाईंना फोन करणार होते. नंबर मिळवला होता, काय बोलायचं ते लिहून काढलं होतं. पण त्यांचं मत देऊन झालंय म्हटल्यावर पुन्हा त्यांना त्रास द्यायचा, तर तेही वाईटच दिसलं असतं. फोन ठेवला.

सोळा तारखेचं पत्र मी काढून टाकलं नाही. दिवसभर ते समोर उघडं ठेवून बसले. गप्प राहिले असते तर कदाचित कुणालाच कळलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण बाई जिंकल्या आणि दीड वर्षाने हे बाहेर आलं तर? सहा वर्षं मी ओकाबेंची कात्रणं लावतेय. सगळ्यांत वाईट फोटो शिक्षेचा नाही. सेक्रेटरी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा आहे आणि ओकाबे त्याच्याकडे न बघता चालले आहेत, तो आहे.

काल सकाळी बाईंना सांगितलं. सगळी पत्रं भाषांतर करून समोर ठेवली. त्या बराच वेळ वाचत होत्या. मग मला म्हणाल्या, ‘तुझे मामा पाहुणचार करायला गेले होते. पण ते मी ठरवायचं नाही, तूही नाही.’ आम्ही दोघी निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेलो. पत्रं दिली. पहिल्या पत्रापासून अठरा तारखेपर्यंत सगळी. त्यांनी लिहून घेतलं, पुढे चौकशी होईल म्हणाले. पेट्या परत आल्या आणि मी लगेच मनाई केली, हे पत्रांतूनच दिसतं. त्याचा उपयोग होईल, असं वकिलांना वाटतं.

एवढ्यावर थांबल्या तर त्या बाई कसल्या? दुपारी मासळीबाजारासमोर गाडीवर उभ्या राहिल्या आणि भोंग्यावरून सगळं सांगून टाकलं. बहरीन, हलवा, नऊ पेट्या, सगळं. ‘माझ्या नावाने झालं म्हणून माफी मागते,’ म्हणाल्या आणि कमरेत वाकून उभ्या राहिल्या. किती तरी वेळ. कोळणी हातातलं काम सोडून बघत होत्या. एक म्हातारा हसला, एक बाई उठून निघून गेली. संध्याकाळपर्यंत सेगावांच्या गाडीवरून ‘स्वच्छ उमेदवाराला मत द्या’ सुरू झालं.

बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. ऑफिसात कुणी मला काही बोलत नाही, आणि तेच अवघड आहे.

इरम


त्सुगाहामा
२८ ऑक्टोबर

प्रिय मामू,

एकवीस तारखेच्या पत्राला तुमचं उत्तर नाही. रागावला असाल. तुमचं नाव मी सरकारी कागदावर नेलं, रागवायचा तुम्हाला हक्क आहे.

निकाल लागला. आम्ही सहा मतांनी पडलो.

सहा हजार नाही, सहाशे नाही. सहा. पुन्हा मोजायला लावलं, तरी सहाच. डोंगरातली अकरापैकी आठ गावं या वेळी आमच्याकडे आली, जी शहाण्णवपासून एकदाही आली नव्हती. बंदरात आम्ही मागच्यापेक्षा थोडे खाली गेलो. थोडेच. मासळीबाजाराच्या भोवतीच्या दोन केंद्रांवर मिळून एकशे दहा मतं कमी झाली. मी तक्ता काढत होते आणि ती उठून गेलेली बाई मला दिसत होती.

बाईंनी सकाळी ऑफिसात सगळ्यांचे आभार मानले. इस्पितळ मार्चमध्ये बंद होईल. मी त्यांना म्हटलं, मी तोंड मिटून बसले असते तर तुम्ही आज खासदार असता. त्या म्हणाल्या, ‘आणि तू रोज दार वाजलं की दचकली असतीस.’ त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं.

पण मामू, हिशेब सरळ आहे. मी बोलले म्हणून ती सहा मतं गेली. लोक मला ‘खरं बोललीस’ म्हणतात, तेव्हा त्यांचा हात झटकावासा वाटतो. सत्तर-सत्तर वर्षांची माणसं माझ्याबरोबर शिडीवर चढली होती. आज त्यांतले एक आजोबा पोस्टर काढताना रडत होते आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. होशिनो आजींना आता कुठे हलवणार, तेही ठरलेलं नाही.

एवढंच समाधान की तुमच्या बुदैयातल्या नऊ जणांनी मत दिलं. ती नऊ नसती तर सहाच्या जागी पंधरा झाली असती. महिनाअखेर ऑफिस बंद होतंय. नंतर मी थोडे दिवस आईकडे येते. रागावला असलात तरी लिहा.

इरम


हिद्द
३० ऑक्टोबर

प्रिय इरम,

मी रागावलो नव्हतो. मला तोंड नव्हतं.

ती सहा मतं तुझ्यामुळे गेली नाहीत. हे पत्र आधी पूर्ण वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

अठरा तारखेला तुझं पत्र मी सकाळी आठला वाचलं. गाडी न्यायची नाही म्हणून मित्राला नको सांगितलं आणि एकटाच बुदैयाला गेलो. वॉचमन म्हणाला, ‘अंकल, मॅडम आपका ही वेट कर रही है.’ होशिनोबाई फाटकाशीच उभ्या होत्या. पायाशी दोन पिशव्या, त्यांत नऊ पेट्या. मी बोलायच्या आधी त्याच बोलल्या. म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. पेटी हातात घेतल्यावर तोमिनागाबाईंना मत दिलं, तर ते पेटीचं मत होईल. दुसऱ्याला दिलं, तर मनाविरुद्ध होईल. म्हणून या वेळी आम्ही कुणीच मत देणार नाही. मग विचारलं, ‘हे खरंच तोमिनागासाननी पाठवलं?’

इरम, तिथे मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. तू तो लिहूनच पाठवला होतास. पण समोर ती बाई, आत खिडक्यांतून बाकीचे बघतायत, होशिनोसाहेब माझ्याच यार्डातले. इथल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी खोटा म्हटलेलं नाही. ‘मी तुमच्याशी खोटं बोललो’ हे माझ्या तोंडून निघेना. मी मान खाली घातली आणि पिशव्या उचलल्या. त्यांनी ते ‘हो’ समजलं.

घरी येऊन तुला लिहिलं, सगळं मिटलं. मला वाटलं, नऊ मतांनी काय फरक पडतो? मागच्या वेळी चारशे अठरा होती. तुला झोप तरी लागेल.

एकोणीसला तू फोन हातात घेतला होतास, हे तुझ्या पत्रात वाचलं. मतदान संपायला तेव्हा अजून दोन दिवस होते. तो फोन तू केला असतास तर होशिनोबाईंनी तुझं ऐकलं असतं. त्यांची आई तुमच्या इस्पितळात आहे. ते सगळे तुझ्या बाईंनाच देणार होते, त्यांनी फाटकाशी मला तेही सांगितलं होतं. नऊ मतं, बेटा. सहाला पुरून उरली असती.

वीसला, रविवारी, मला राहवलं नाही. दुपारी तीनला यार्डातून सुटून बुदैयाला गेलो आणि खरं सांगितलं. पेट्या माझ्या, बाईंना माहीत नाही, भाचीने तर मनाई केलीय. होशिनोबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘परवा तुम्ही मान खाली घातली होती. आज दुसरं सांगताय. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?’ तरी बाकीच्यांना विचारते, म्हणाल्या.

निवडणूक अधिकाऱ्यांकडे तू माझं अठरा तारखेचं पत्र दिलंस, त्यात हे खोटं आहे. हे पत्रही नेऊन दे, माझ्या नावाने. मी इथे मॅनेजरला आज सकाळी सगळं सांगितलं. तो काय करायचं ते करेल. मसूदाला मीच फोन करेन. आणि तुझ्या त्या आजोबांना सांग, इरमने तुमचं काही घालवलं नाही.

त्या रविवारी बुदैयाहून मी सरळ दूतावासाकडे गेलो आणि समोरच्या बाजूला गाडी लावून उभा राहिलो. येणारी प्रत्येक गाडी बघत होतो. पाच वाजता आतून एक माणूस आला आणि त्याने फाटक लावून घेतलं. तोवर बुदैयाहून कुणीही आलं नव्हतं.

ताहिर